दहावीनंतर सुटलेलं सायन्स आणि बत्तिसाव्या वर्षी भरलेले प्रीमेडचे फॉर्म

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी ठरावीक सायन्सचे कोर्स करावे लागतात, त्यांच्या पहिल्याच चौकशीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, शेवटचा सायन्सचा कोर्स कधी आणि कुठे केला. मी बराच वेळ नुसती बघत बसले आणि मग टाकलं, २००९, दहावी, ठाणे. अकरावीला कॉमर्स घेतलेलं, बारावी झाली आणि बाबांचं काम न्यूजर्सीला आलं म्हणून सगळं घर इकडे, मग इथे आधी काउंटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज), तिथून ट्रान्सफर घेऊन अकाउंटिंगची डिग्री आणि पुढची दहा वर्षं ऑडिट. मधे सायन्सशी संबंध म्हणजे घरातला थर्मामीटर.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता या वयात परत अकरावी सायन्स?" आणि खरं सांगायचं तर हे वर्णन बरोबरच आहे. ठाण्याच्या मावशीला वाटलं मी नीटची परीक्षा देणार. तिला फोनवर अर्धा तास समजावलं की इथे मेडिकलला बारावीनंतर नाही, आधी कुठल्यातरी विषयात डिग्री करून मग जातात, आणि ती डिग्री इतिहासाची असली काय नि अकाउंटिंगची असली काय, चालते. फक्त ठरलेले सायन्सचे कोर्स झालेले पाहिजेत. प्रीमेड नावाची डिग्री नसते, ती कोर्सची यादी असते. दोन सेमिस्टर जनरल केमिस्ट्री, दोन ऑरगॅनिक, दोन बायोलॉजी, दोन फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, आणि एमकॅटसाठी, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, थोडं स्टॅट्स. ज्यांनी डिग्री करताना हे घेतलं नाही त्यांच्यासाठी पोस्टबॅक प्रोग्रॅम असतात. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नीट कधी?" सोडून दिलं. (भारतातही आता थोडं मोकळं झालंय म्हणा, २०२२ मध्ये नीटची वरची वयोमर्यादा काढली आणि २०२३ मध्ये बारावीनंतर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी वेगळे विषय म्हणून पास झालेलं चालेल असं आलं. पण आमच्या वेळी कॉमर्स घेतलं की तो दरवाजा बंद म्हणजे बंदच होता.)

आता मुळात हे खूळ आलं कुठून, तर आजीमुळे. २०२२ मध्ये एका रात्री आजीला इमर्जन्सीत नेलं. दुभाषी म्हणून चाकाच्या स्टँडवर टॅब्लेट आणला, त्यावेळी मराठीचं कोणी मिळालं नाही, हिंदी चालेल का विचारलं, आजी म्हणाली चालेल, कारण तिला वाटतं तिला हिंदी येतं. नर्सने विचारलं काय होतंय, आजी म्हणाली, "मेरा जीव घाबरा होता है." टॅब्लेटमधल्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की पेशंट म्हणते तिला भीती वाटतेय. नर्स बिचारी चांगली होती, आजीचा हात हातात घेऊन म्हणाली, घाबरू नका, आम्ही आहोत. आणि कॉम्प्युटरवर बहुतेक तसंच काहीतरी टाईप करायला लागली. मी म्हटलं थांबा थांबा, ती घाबरलेली नाहीये, जीव घाबरा होणं म्हणजे छातीत कसंतरी होणं, धडधड, गुदमरल्यासारखं. पाच मिनिटांत ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते.

त्यानंतर जे झालं ते माझ्या जास्त डोक्यात बसलंय. सकाळी डॉक्टर आल्या, रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही यावर बोलायला लागल्या. गुठळी होऊन स्ट्रोकचा धोका एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आजी त्या वर्षात दोनदा बाथरूममध्ये पडलेली, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. त्यांनी आजीलाच विचारलं की तुम्ही कशा पडलात, चक्कर आली की घसरलात, दोन्ही वेळा चप्पल कुठली होती. चप्पल! मग गोळी सुरू केली आणि बाथरूमला दांडी बसवायला सांगितलं. मी घरी येताना गाडीत हाच विचार करत होते की मी रोज रिस्क रिस्क करत रिपोर्ट लिहिते, पण अशी तोलून कधी बघितलेली नाही.

लगेच काही केलं नाही, दोन वर्षं गेली. मग एका रविवारी एक्सेल उघडली. माझ्यासारख्या बाईला कुठलाही प्रश्न एक्सेलमध्ये टाकल्याशिवाय कळत नाही. पोस्टबॅक एक ते दोन वर्षं, त्यानंतर मेडिकलचा अर्ज आणि इंटरव्ह्यू यात एक वर्ष जातं त्याला ग्लाइड इयर म्हणतात, मग मेडिकलची चार, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, कमीत कमी तीन. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी बेचाळीस-त्रेचाळीस. यावर सगळे लोक एकच डायलॉग मारतात की बेचाळीसची तू तशीही होणारच आहेस. हो बाबांनो होणारच आहे, पण तेव्हा हातात पगार असेल की कर्ज हा प्रश्न आहे ना. पोस्टबॅकसाठी फेडरल, म्हणजे सरकारी लोन मिळालं तरी तयारीचे कोर्स म्हणून बारा महिन्यांपुरतं आणि तेही थोडंसं मिळतं, बाकी खिशातून. आणि पुढचं अजून अवघड झालंय, २०२५ मध्ये आलेल्या कायद्यामुळे १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस लोन (डिग्रीनंतरच्या शिक्षणाचा उरलेला खर्च भागवणारं सरकारी कर्ज) बंद, मेडिकलला फेडरल लोन वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाखांपर्यंतच. बऱ्याच प्रायव्हेट मेडिकल कॉलेजांचा खर्च याच्या बराच वर जातो. मी ती शीट नवऱ्याला दाखवली, त्याने खाली स्क्रोल करत करत विचारलं, "आणि तू हे नाही केलंस तर काय, त्याची शीट कुठेय?" ती नव्हती माझ्याकडे.

प्रोग्रॅम शोधायला एएएमसीची, म्हणजे अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची यादी आहे, त्यात करिअर चेंजर असा फिल्टर लावता येतो. हा फिल्टर लावायचाच, कारण बरेच प्रोग्रॅम हे आधी सायन्स करून मार्क कमी पडलेल्यांसाठी असतात. कोलंबियाचा सगळ्यात जुना, १९५५ पासूनचा, मोठा आणि जरा सवडीने करता येणारा. ब्रिन मॉर, गाउचर, स्क्रिप्स हे छोटे, एका वर्षात सगळं कोंबणारे. (ब्रिन मॉर आणि स्क्रिप्स मुलींची कॉलेजं, पण पोस्टबॅकला पुरुषही घेतात, मला हे कोणीतरी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.) न्यूयॉर्कात हंटर आहे, सिटी युनिव्हर्सिटीचं, त्यामुळे खर्च बराच कमी. आणि हार्वर्ड एक्स्टेंशनसारखं संध्याकाळी एकेक कोर्स घ्यायची पण सोय आहे. काही छोट्या प्रोग्रॅमचं ठरावीक मेडिकल कॉलेजांशी लिंकेज असतं, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर ते ग्लाइड इयर वाचतं, पण बहुतेक वेळा त्या एकाच कॉलेजला बांधून घ्यावं लागतं.

सगळ्यात गंमत म्हणजे इथे सायन्स न येणं हीच पात्रता! प्रीरेक्विझिटपैकी, म्हणजे त्या सक्तीच्या सायन्स कोर्सपैकी, बरेचसे आधीच झाले असतील तर हे प्रोग्रॅम घेत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझं अज्ञान कामाला आलं. पण मग ते बघणार काय? डिग्रीचा जुना जीपीए (चारपैकी सरासरी गुण) बघतात, साडेतीनच्या वर असलेला बरा असं सगळीकडे बोललं जातं, माझा ३.५२, त्यात पहिल्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्समध्ये सी प्लस, कारण नुकतीच आलेली आणि प्रोफेसर काय बोलतात ते निम्मं कळायचं नाही. काहीजण एसएटी, एसीटी किंवा जीआरईचे मार्क मागतात. मी काउंटी कॉलेजातून आल्यामुळे एसएटी दिलीच नव्हती, म्हणून जीआरई दिली, गणित बरं गेलं, शब्दसंग्रहाबद्दल बोलायला नको. आणि मुख्य म्हणजे हे बघतात की तुम्ही डॉक्टरांचं काम जवळून पाहिलंय का, की नुसतं मनात आलं म्हणून निघालात.

म्हणून हॉस्पिटलात व्हॉलंटियर व्हायला गेले. तिथे टीबीची टेस्ट लागते. हातावर सुई टोचली, दोन दिवसांनी बघते तर हा एवढा फुगवटा. नर्सने पट्टीने मोजला आणि तिचा चेहराच बदलला. मी दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला, ती तरुण होती, तिने असला व्रण बहुतेक बघितलाच नव्हता. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची ही कातडीवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यांनी सरळ रक्ताची टेस्ट मागायची असते. रक्ताची निगेटिव्ह आली पण तोपर्यंत छातीचा एक्सरे, फॉर्म, परत फॉर्म, यात माझे पाच आठवडे गेले. भारतात जन्मलेल्या प्रत्येकाने एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकी अख्खा लेख विसरलात तरी चालेल.

मग दर शनिवारी सकाळी चार तास इमर्जन्सीत. काम काय तर व्हीलचेअर ढकलणे, रिकाम्या खाटांवर चादरी घालणे, गरम कपाटातून ब्लँकेट आणून देणे. त्या ब्लँकेटचं मला फार कौतुक वाटतं, माणूस दुखण्याने कितीही चिडलेला असो, गरम ब्लँकेट अंगावर पडलं की एक सेकंद डोळे मिटतो. दीडएकशे तास झाले माझे. त्यात मेडिकल असं काही शिकले नाही, पण एक कळलं की त्या जागी मला घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही. ऑफिसात मला तीन वाजल्यापासून वाटतं.

शॅडोइंगसाठी, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला, तेवीस डॉक्टरांना ईमेल टाकले, दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नाही. आणि जमलं कुठे, तर मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या लाईनमध्ये. पुढे उभे असलेले काका किडनीचे डॉक्टर निघाले. आईने मागून कोपर मारलं म्हणून बोलले मी. काकांनी वाटली डाळ वाढून घेत विचारलं, "बघायचंय ना? मग बुधवारी ये, पण शूज आरामाचे घाल." सहा बुधवार गेले, सुट्ट्या टाकून. पहिल्याच दिवशी एका पेशंटच्या परवानगीने त्यांनी मला पाय दाखवला. नडगीवर अंगठा दाबला, पाच-सहा सेकंद धरला, काढला, आणि खड्डा तसाच. कणकेत बोट दाबल्यावर राहतो ना, तसा, म्हणजे पायात पाणी साठलेलं. ते त्या माणसाला म्हणाले, मागच्या वेळेपेक्षा खोल आहे, बाहेरचं काय खाल्लं? तो हसला आणि म्हणाला, लग्न होतं घरात. एवढ्या एका अंगठ्यावरून लग्न निघालं बाहेर! मी घरी आल्यावर स्वतःच्या नडगीवर दाबून बघितलं, नवऱ्याच्या पण.

एवढं करून मनात धाकधूक होतीच की मला सायन्स झेपणार का, सोळा वर्षांचा गॅप. म्हणून काउंटी कॉलेजात संध्याकाळचा प्राथमिक केमिस्ट्रीचा एक कोर्स घेतला, हजार डॉलरच्या आतबाहेर पडला. त्याआधी दोन प्रोग्रॅमना ईमेल करून विचारलं की यामुळे मी बाद तर होणार नाही ना, ते म्हणाले हा मेडिकलसाठी धरला जाणारा कोर्स नाही, चालेल. वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं, मला मॅम म्हणायची. मोल म्हणजे काय यावर मी दोन आठवडे अडकले होते, शेवटी समजलं की ते डझनासारखं आहे, फक्त डझन फार मोठा. टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत एक द्रव दुसऱ्यात सोडायचा प्रयोग, मात्र मला फार आवडला, थेंब थेंब सोडायचा, गुलाबी येतो, हलवलं की जातो, परत येतो, परत जातो, आणि मग एका थेंबाला तो राहतोच. पहिल्या वेळी माझा भडक राणी कलर झाला, म्हणजे पुढे गेला. शेजारच्या मुलाने सांगितलं, मॅम, तुम्ही शेवटी घाई करता. बॅलन्स शीट जुळत आली की मी तिथेही तेच करते.

शिफारसपत्रांचं मात्र भजं झालं. दहा वर्षांपूर्वीच्या प्रोफेसरांची पत्रं आणायची कुठून! एक रिटायर होऊन गेलेले, ईमेल परत आला. दुसऱ्यांनी हो म्हटलं आणि मग गायबच झाले, मी तीन वेळा आठवण केली, प्रत्येक वेळी "या आठवड्यात नक्की". यातले बरेच प्रोग्रॅम रोलिंग असतात, म्हणजे जसे अर्ज येतील तशा जागा भरत जातात, आणि माझा एक अर्ज फक्त या पत्रापायी नोव्हेंबरपर्यंत अर्धवट पडून राहिला. शेवटी केमिस्ट्रीच्या बाईंनी लिहून दिलं. त्यांनी त्यात काय लिहिलं मला माहीत नाही, पण लॅबमध्ये भडक राणी कलर आल्यावर मी तो प्रयोग वेळ संपल्यावर थांबून परत केला होता, ते त्यांच्या लक्षात होतं.

निबंधाचे अकरा ड्राफ्ट झाले. पहिल्यात सगळी आजीच होती, तीन पानं. रेसिडेन्सी करणाऱ्या एका मैत्रिणीला वाचायला दिला, तिचा मेसेज आला, "आजी काढ. सगळ्यांच्या आज्या आजारी पडतात." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग आजी काढून बघितली तर निबंध म्हणजे ऑडिट रिपोर्ट दिसायला लागला, मी हे केलं, इतके तास केलं, निष्कर्ष असा की मला डॉक्टर व्हायचंय. नवव्या ड्राफ्टला आजीला परत आणलं, पण तिचं आजारपण नाही, फक्त तो एक शब्द, घाबरा, आणि ती चप्पल. बाकी सगळं त्याच्या मागेपुढे बसलं.

पाच ठिकाणी अर्ज केले. दोघांनी इंटरव्ह्यूशिवायच नाही म्हटलं, त्यातला एक तोच उशिरा गेलेला. तीन इंटरव्ह्यू झाले. पहिल्यात त्यांनी विचारलं, ऑरगॅनिकमध्ये सी आला तर काय करशील, मी अर्धा मिनिट गप्प आणि मग काहीतरी मेहनत वगैरे बोलले, ते मलाच पटलं नाही, तर त्यांना काय पटणार. तिथून नकार आला. दुसऱ्यात बरं झालं, वेटलिस्ट. तिसऱ्या ठिकाणी एक म्हाताऱ्याशा बाई होत्या, त्यांनी माझा निबंध प्रिंट काढून पुढे ठेवलेला. म्हणाल्या, "हे सगळं वाचून मला असं वाटतं की तू उत्तम दुभाषी होशील. डॉक्टर कशाला? नर्स का नाही, पीए का नाही?" (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारे.)

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तयारी करून गेले होते, छान उत्तर होतं, आणि ते मी दिलंच नाही. मी म्हटलं, शब्द मी पोचवला, पण त्यानंतर गोळी द्यायची की नाही हे ठरवायचं होतं, ते मला नुसतं ऐकायचं नव्हतं. दहा वर्षं मी लोकांनी निर्णय घेतल्यानंतर जाते आणि तो बरोबर होता का चूक ते लिहिते. ऑडिटर नेहमी नंतरच येतो. मला आधी यायचंय, आणि चुकले तर ते माझ्या नावावर असावं. नर्स आणि पीए यांचं काम मी शनिवारी शनिवारी बघितलंय, ते कमी आहे म्हणून नाही, पण ज्या जागेची मला हाव सुटलीय ती ही आहे. हाव हा शब्द इंग्रजीत सांगताना जरा जास्तच कडक निघाला तोंडातून, बाई हसल्या. मग म्हणाल्या, आजी कशा आहेत? मी म्हटलं, ठीक, बाथरूमच्या दांडीवर टॉवेल वाळत घालते.

फेब्रुवारीत तिथूनच हो आलं. मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद केला आणि जरा वेळ तशीच बसले.

जे अजून एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा) वगैरे आहेत त्यांनी एक आधी तपासा, बरीच मेडिकल कॉलेजं सिटीझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांशिवाय घेतच नाहीत. आणि भारतातली डिग्री असेल तर प्रीरेक्विझिट बहुतेक ठिकाणी इथेच करावी लागतात, त्यामुळे तिकडचं बारावी सायन्स किंवा बीएससी धरतील असं समजून चालू नका. प्रोग्रॅमला सरळ ईमेल करा, उत्तरं देतात.

परवा नोकरीचा राजीनामा दिला. जनरल केमिस्ट्री जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू. प्रोग्रॅमकडून यादी आलीय, लॅबचा गॉगल, पूर्ण बंद शूज, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचे रिपोर्ट, आणि परत एकदा टीबीची टेस्ट. क्लिनिकला फोन केला तेव्हाच सांगून टाकलं, हातावर टोचू नका, मी ठाण्याची आहे, डायरेक्ट रक्त घ्या.